निर्दोष सुटलेल्या माणसाकडून आपण आणखी किती मागायचं?

वाळपईकर

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळ वाचनमात्र असतो. आज धागा काढतोय, कारण घरात या विषयावर दोन तट पडलेत आणि मला घराबाहेरच्या माणसांची मतं हवी आहेत.

न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगून निर्दोष सुटलेल्या माणसाने पुढे न्यायव्यवस्था सुधारावी म्हणून बोलत हिंडावं, अशी अपेक्षा सगळेच करतात. ती रास्त आहे का? आणि तो ते करत असेल, तर आपण त्याचं काय देणं लागतो?

माझा थोरला भाऊ परराज्यात मालवाहू गाडीवर ड्रायव्हर होता. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे हमरस्त्यावर लुटीत एका माणसाचा खून झाला. त्या रात्री जवळपास गाडी लावून झोपलेल्यांना पोलिसांनी उचललं, त्यात दादाही होता. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. उच्च न्यायालयात अपील सुनावणीला यायलाच वर्षानुवर्षं गेली. आल्यावर निकाल लागायला मात्र फार वेळ लागला नाही. ओळख परेडच्या आधीच साक्षीदाराला दादाचा फोटो दाखवला होता. हत्यार जप्तीच्या पंचनाम्यावर सही करणारा पंच त्याच ठाण्याच्या इतर खटल्यांतही पंच होता. दादाच्या अंगझडतीत टोल नाक्याची पावती मिळाल्याची नोंद होती, पण ती पावती कोर्टापुढे कधी आलीच नाही. जवळजवळ एक तप आत काढून तो घरी आला. आई तोवर गेली होती.

दादा आजही कदंबा बसचं तिकीट फेकत नाही. तिकीट, दुकानाचं बिल, पेट्रोलची पावती, सगळं तारखेवार प्लॅस्टिकच्या फायलीत लावलेलं असतं. चवथीच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेतलं की त्याची पावती कोण देणार? मग कुठे होतो, किती वाजता, बरोबर कोण, हे तो वहीत लिहून ठेवतो.

सुटल्यावर एका वकिलाच्या आग्रहामुळे तो कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर बोलला. तेव्हापासून बोलावणी येतात. तो जातो. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. जाण्यायेण्याचं भाडं पदरचं. तो दुसऱ्याच्या पिकअपवर रोजावर जातो, त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. कायमची नोकरी मिळत नाही, कारण चारित्र्य पडताळणीत खटल्याची नोंद निघते आणि निकाल वाचण्याइतकी सवड कोणाला नसते.

वहिनी म्हणते, आता पुरे. पुतणी म्हणते, बाबांनी बोललंच पाहिजे. तुम्ही सांगा.

फोंड्याची_सुलभा

आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. एक विचारते, राग मानू नका. त्या नको का म्हणतात, हे तुम्ही त्यांना नीट विचारलंय का? अशा गोष्टींत बाईचा नकार लोक भीती म्हणून मोडीत काढतात.

वाळपईकर

विचारलंय ताई. दादा आत असताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या आणि आमसुलं विकून तिने घर चालवलं. ती भित्री नाही. ती सांगते की भाषण झालं की पुढच्या दोन-तीन रात्री तो झोपत नाही, दाराची कडी परत परत तपासतो. लोकांना तो एक तास असतो, मला ते तीन दिवस असतात, असं म्हणाली.

वकील_म्हापसा

देण्याघेण्याचा कायदेशीर हिशेब मांडतो, कारण बहुतेकांना वाटतं की निर्दोष सुटलेल्याला सरकार भरपाई देत असेल. आपल्याकडे तसा कायदाच नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५८ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९९ आहे. पुरेशा कारणाशिवाय कोणी एखाद्याला अटक करायला लावली, तर तसं करायला लावणाऱ्याकडून भरपाई मिळू शकते. कमाल मर्यादा एक हजार रुपये. २०२४ च्या जुलैत नवा कायदा लागू झाला, आकडा तोच राहिला.

दुसरी वाट राज्यघटनेची. १९८३ चं रुदुल शाह प्रकरण त्यातलं मूळ मानलं जातं. बिहारमधला हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला आधी मिळालेले ५ हजार धरून ३५ हजार रुपये देवविले. म्हणजे न्यायालय भरपाई देऊ शकतं हे ठरलं. ती कोणाला, किती, कोणत्या निकषावर, हे काही ठरलं नाही. त्यामुळे सगळं त्या त्या खंडपीठावर. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, त्यांत फाशीची शिक्षा झालेलेही होते. २०१६ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी भरपाई मागितली, तेव्हा चुकीचा पायंडा पडेल म्हणून ती मागणी ऐकली गेली नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने २७७ वा अहवाल दिला, खास याच विषयावर. भरपाईचे दावे लवकर ऐकायला विशेष न्यायालयं असावीत, आणि नुसते पैसे न देता समुपदेशन, मानसिक उपचार, कामाचं प्रशिक्षण, नोकरीत अडथळा येऊ नये म्हणून तरतूद, हे सगळं त्यात सुचवलंय. अहवाल चांगला आहे. संसदेने त्यावर कायदा केलेला नाही. २०२५ च्या जुलैत तमिळनाडूतल्या फाशीच्या एका कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हा मुद्दा काढला आणि विचार कायदेमंडळाने करावा म्हटलं.

वाळपईकर, तुमच्या दादांची बाजू पंचनामा आणि त्या पावतीमुळे बरी आहे असं मला वाटतं. निकालाची प्रमाणित प्रत आणि झडतीची नोंद जपून ठेवा. याचिका त्या राज्याच्या उच्च न्यायालयात करावी लागेल, पर्वरीतल्या गोवा खंडपीठात नाही.

दिचोलीकर_दत्ता

मी वेगळं बोलणार आहे. माझ्या मामेभावाचा खून झाला. आरोपी सुटले, संशयाचा फायदा मिळून. गावात ताठ मानेने फिरतात. सुटलेला प्रत्येक जण निर्दोष असतो असं धरून चाललात, तर आमच्यासारख्यांच्या घरात काय वाटेल याचा विचार करा. भरपाई दिली, सत्कार केले, तर मामीने काय करायचं?

वकील_म्हापसा

दत्ताराव, प्रश्न योग्य आहे. आपल्या फौजदारी न्यायालयात सरकारपक्षाने गुन्हा सिद्ध केला की नाही एवढंच ठरतं. अमुक माणूस निर्दोष आहे असं जाहीर करायची वेगळी प्रक्रिया नाही. म्हणून खरोखर न केलेला आणि पुरावा कमी पडून सुटलेला, दोघे एकाच कागदावर बाहेर येतात. विधी आयोगाने हे ओळखलंय. सुटला की भरपाई, असं त्यांनी म्हटलेलं नाही. खटला दुष्टहेतूने किंवा सद्भावनेशिवाय चालवला गेला, खोटा पुरावा उभा केला गेला, हे दावेदाराने दाखवायचं आहे. तुमच्या मामींच्या बाबतीत तपास ढिला झाला असेल तर तोही त्याच यंत्रणेचा दोष आहे.

वाळपईकर

दत्ताभाऊ, तुमचं वाचून मी थोडा वेळ काही लिहिलं नाही. आमच्या खटल्यातल्या मयताची आई कोर्टात प्रत्येक तारखेला यायची. ती दादाकडे बघायची. दादा म्हणतो, शिक्षेपेक्षा ते बघणं जास्त लागलं, कारण तिला खुनी मिळाल्याचं समाधान होतं आणि ते खोटं होतं. दादा सुटला म्हणजे तिच्या मुलाचा खून अजून उघडाच आहे. तिला पत्र लिहायचं त्याच्या मनात फार आहे. वकिलांनी नको सांगितलं, तिच्या घरच्यांना ते दडपण वाटू शकतं म्हणून. तो ऐकतोय, पण विषय मनातून गेलेला नाही. तुमच्या मामींचं आणि आमचं मागणं एकच आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं: खरा माणूस शोधा.

दिचोलीकर_दत्ता

हे मान्य. दादांना माझा नमस्कार.

मडगावकर_पूर्वीचे_बोरिवलीकर

मी २००६ मध्ये बोरिवलीत राहत होतो. ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. आमच्या इमारतीतले एक काका त्यात होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १३ पैकी १२ जणांना दोषी ठरवलं, पाच फाशी, सात जन्मठेप, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. २०२५ च्या २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना सोडलं. एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये.

त्या तेरांतला एकटा, वाहिद शेख, २०१५ मध्येच निर्दोष सुटला होता. पेशाने शिक्षक. नऊ वर्षं आत काढून तो गप्प घरी बसू शकला असता. पण त्याने लिहिलं, बोलला, तुरुंगातल्या लिखाणावर पीएचडी केली, आणि आत राहिलेल्या बारांसाठी दहा वर्षं दारोदार फिरला. मी हे वर्तमानपत्रात वाचायचो तेव्हा मला राग यायचा. आज त्याच्याविषयी आदर आहे. म्हणून माझं मत तुमच्या पुतणीच्या बाजूने. बोलणारा असला तरच आत राहिलेल्यांचं कोणी ऐकतं.

पेडण्याची_मास्तरीण

बोरिवलीकर, तुम्ही जे म्हणालात त्यातूनच माझी शंका निघते. शेख शिक्षक होते, लिहू-बोलू शकत होते. जालन्याचे सहा जण आठवतात का कोणाला?

भोकरदनजवळ २००३ मध्ये एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांना मारलं, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना धरलं. सत्र न्यायालयाची फाशी, उच्च न्यायालयात तिघांची फाशी कायम, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने अगदी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, तो धागा कोणी पुढे नेलाच नाही. सहांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख. महिन्याला साधारण अडीच हजार पडतात.

त्या सहा जणांना कोणी व्यासपीठावर बोलावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांना भाषण देता येत नसेल, म्हणून काय त्यांचं दुःख कमी होतं? आपण न्यायसुधारणा ही सुटलेल्यांच्या वक्तृत्वावर सोडून दिली आहे. ज्याचं सगळं गेलं त्यानेच उभं राहून आपल्याला जागं करायचं, आणि आपण टाळ्या वाजवून घरी. मला हे पटत नाही. वहिनींचं बरोबर आहे.

मिरामारची_विद्यार्थिनी

मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. वाळपईकरदादा, मला वाटतं मी तुमच्या भावाला ऐकलंय. नाव विचारत नाही, तुम्हीही सांगू नका.

त्यांनी आपली कहाणी सांगितलीच नाही. हत्यार जप्तीच्या पंचनाम्याची झेरॉक्स वाटली, नावं काळी केलेली, आणि म्हणाले, वाचा आणि हे कुठे बसून लिहिलंय ते सांगा. आम्ही दहा मिनिटं गप्प. मग एकीने वेळा पाहिल्या. ठाण्यातून निघाले संध्याकाळी साडेसहाला, चौदा किलोमीटरवरच्या ओढ्यापाशी पोचले, झुडपात शोधलं, सापडलं, मोजमाप केलं, सील केलं, लिहून सह्या केल्या, आणि पंचनामा संपला सात वाजता. एका मुलाने विचारलं, अंधारात ओढ्याकाठी उभं राहून इतकं सरळ अक्षर कसं? दगडावर टेकून लिहिलेल्या कागदाला खळगे पडतात, इथे एकही नाही. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या.

मग ते एवढंच म्हणाले, “माझ्या पहिल्या वकिलाने हा कागद वाचलाच नव्हता. तुम्ही वाचलात.” आणि बसले.

त्या दिवसापासून मी कुठलाही पंचनामा आधी वेळा बघून मग वाचते. आमच्या वर्गातल्या निदान चौघी विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, कामात जायचं म्हणताहेत. पण तुमच्या भावाला आम्ही भाडंही दिलं नसेल, हे आज कळलं आणि फार लाज वाटली. बाहेरून आलेल्या वकिलांना मानधन दिलेलं मला माहीत आहे. अनुभवी माणसाचं शिकवणं हे शिकवणंच आहे. विभागप्रमुखांशी मी बोलेन.

स्विंडनकर

मूळचा सांग्याचा, आता इंग्लंडात. इथलं एक सांगतो. अँड्र्यू माल्किन्सन नावाच्या माणसाला न केलेल्या बलात्काराबद्दल २००४ मध्ये जन्मठेप झाली. किमान सातेक वर्षांनी सुटकेसाठी अर्ज करता आला असता, पण गुन्हा कबूल करायला तयार नव्हता म्हणून सतरा वर्षं राहिला. डीएनएमुळे जुलै २०२३ मध्ये निर्दोष ठरला. तेव्हा त्याला कळलं की भरपाई मंजूर झाली तर तुरुंगात वाचलेला राहण्याखाण्याचा खर्च त्यातून कापला जाऊ शकतो! तो उघडपणे बोलला, केवढी बोंब झाली, आणि काही आठवड्यांत सरकारने ती कपात रद्द केली. एका माणसाच्या बोलण्याने नियम बदलला.

दुसरं उदाहरण पॅडी हिल यांचं. बर्मिंगहॅम सिक्स, म्हणजे तिथल्या बॉम्बस्फोटांत खोटे अडकवलेले सहा जण, त्यांतले एक, सोळा वर्षांनी १९९१ मध्ये सुटले. २००१ मध्ये त्यांनी संस्था काढली ती सुटलेल्यांची काळजी घ्यायला. राहायची सोय, कागदपत्रं, मानसोपचार. शिक्षा भोगून सुटणाऱ्या खऱ्या गुन्हेगाराला पुनर्वसनाची व्यवस्था असते, निर्दोषाला दार उघडून रस्त्यावर सोडतात, हे त्यांचं दुखणं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते वारले, तोवर हेच करत राहिले. म्हणजे काम फक्त व्यासपीठावरचं नसतं.

फोंड्याची_सुलभा

जपानमध्ये हाकामाडा आजोबांना चाळीसहून अधिक वर्षं फाशीच्या सावलीत काढून २०२४ मध्ये निर्दोष ठरवलं. त्यांच्या मनावर इतका परिणाम झालाय की बोलण्याचं सगळं काम बहिणीने केलं, नव्वदी पार केलेल्या. तिथे कायद्यात दिवसाला कमाल १२,५०० येन असा दर ठरलेला आहे, त्यांना पूर्ण दराने मिळाले. निदान हात पसरायला लागत नाही.

वकील_म्हापसा

हिल यांच्या उदाहरणावरून एक व्यवहाराचं सुचतं. गोव्यातल्या कोर्टांत रोज दिसणारी गोष्ट: साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो, नोंद इंग्रजीत टाइप होते, आणि आरोपी मागे उभा राहून ऐकतो. आरोपपत्राचा गठ्ठा हातात पडतो तोही बहुधा इंग्रजी. बाहेर बायका आणि म्हातारे आईबाप बसलेले, त्यांना पुढची तारीख एवढंच कळतं. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, तर नव्या संहितेच्या कलम ४७९ खाली जामिनाला पात्र होतो, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले असलेले सोडून. हे त्यांना सांगणारं कोणी नसतं. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले जवळपास ७६ टक्के कच्चे.

अशा घरांना वकिलापेक्षा दादांसारखा माणूस चटकन समजावतो. मी पाहिलंय.

वाळपईकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मी हा धागा दादाला आणि वहिनीला वाचून दाखवला. विद्यार्थिनीचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावला.

मास्तरीणबाईंचं म्हणणं ऐकून वहिनी म्हणाली, ही बाई कोण, तिला घरी जेवायला बोलाव. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की जालन्याच्या त्या सहांबद्दल त्याने आत असताना ऐकलं होतं, तेव्हा त्याचं अपील पडून होतं आणि बराकीत सगळ्यांना धीर आला होता. ते भाषण करत नसतील, पण त्यांचं सुटणंच आमच्यापर्यंत पोचलं, असं म्हणाला.

माझं स्वतःचं मत या धाग्यामुळे पक्कं झालं. त्याने बोलायचं की नाही हे फक्त त्याने ठरवायचं, आणि गप्प बसला तर त्याने काही टाळलं असं कोणी म्हणू नये, मी तर नाहीच. बोलला तर ते काम आहे आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत.

घरात ठरलं ते असं. सत्कार आणि जयंत्यांचे कार्यक्रम बंद. कॉलेजात जाईल, पण पंचनाम्याचा तास घ्यायला, भाडं आणि रोज मिळत असेल तर, आणि लागोपाठ दोन नाही. कोर्टाबाहेरच्या कुटुंबांना भेटायला तो बुधवारी जायला तयार आहे, वकीलसाहेब बरोबर असतील तर. त्याचे पैसे घेणार नाही म्हणतो. वहिनीची अट आहे की ती सोबत जाणार, कारण तिथे बसलेल्या बायकांशी काय बोलायचं ते दादापेक्षा तिला जास्त कळतं.

एक मदत हवी आहे. अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत घरच्यांनी काय करायचं, याचं एक पानी पत्रक दादाला काढायचंय. अटकेची खबर कोणाला दिली ते विचारा, अटकेच्या मेमोची प्रत मागा, झडतीत काय काय काढून घेतलं त्याची यादी करून त्यावर वेळ घाला, दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात तेव्हा हजर राहा, वकील नसेल तर तिथेच मोफत वकील मागा, कोऱ्या कागदावर सही करू नका. मराठीत आणि कोकणीत, मोठ्या अक्षरात. मजकूर मी लिहितो.

वकील_म्हापसा

मसुदा पाठवा, कायद्याच्या बाजूने तपासून देतो. बुधवार मला चालेल, साडेनऊला या, कैद्यांच्या गाड्या त्याच सुमारास येतात.

पेडण्याची_मास्तरीण

कोकणी मजकूर मी बघते. आमच्या शाळेजवळ छपाईवाला आहे, पहिल्या पाचशे प्रतींचा खर्च माझ्याकडे. आणि वहिनींना सांगा, जेवायला नक्की येते, शुक्रवार सोडून कुठलाही दिवस सांगा म्हणावं, शुक्रवारी त्यांचा बाजार असतो.